गाडी चालवणार कोण

आमच्या घरी गाडी घ्यायची ठरली तेव्हा प्रत्येकानं आपापली गाडी मनातल्या मनात आधीच घेऊन टाकली होती. नवऱ्याच्या गाडीत पुढे दोन माणसं आणि मागे नुसता पसरट हौदा होता. त्यात वांग्यांचे, टोमॅटोचे क्रेट रचायचे, वर सांबाराच्या जुड्या टाकायच्या आणि उजाडता उजाडता अमरावतीच्या भाजीबाजारात हजर व्हायचं. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते, नाहीतर ते इडली शोधतील. सासऱ्यांची गाडी म्हणजे उंच जीप. मागे समोरासमोर दोन बाकडी, त्यांवर दाटीवाटीनं सगळं गणगोत. लग्नाला जा, चिखलदऱ्याला जा, नाहीतर थंडीत शेतावर रोडग्यांच्या जेवणाला जा. माझ्या गाडीचं वर्णन मात्र एवढंच होतं की ती मी चालवणार.

हे मी कोणाला बोलले नव्हते. मला कोणी विचारलंच नव्हतं.

गाडी चालवायला मी शिकले अमरावतीला. बहिणीचं ऑपरेशन झालं होतं आणि तिच्या मदतीला मी महिनाभर तिच्याकडे राहिले होते. तिच्या घरासमोरच ड्रायव्हिंग स्कूल होतं. दुपारी ती झोपली की मी काय करणार? गेले. पुढे यथावकाश लायसन्सही हातात पडलं. नवऱ्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि फोटो चांगला आला म्हणाला. त्यानंतर लायसन्स पर्समध्ये आणि मी मोटारसायकलवर मागे, मांडीवर मेथीचं पोतं धरून.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडे. एसटी तिच्या मर्जीनं येते. भाजी तोडून झाली की ती भाड्याच्या गाडीत चढेपर्यंत बांधावर बसून राहायचं, आणि माहेरी जायचं तर कोणाला तरी फुरसत कधी होते याची वाट बघायची. या वाट बघण्याचा मला मनापासून कंटाळा आला होता. गाडीतून मिरवायची हौस नव्हती. उठावं, किल्ली घ्यावी आणि निघावं, एवढंच हवं होतं, पण ते फार हवं होतं.

पहिली फेरी अमरावतीच्या शोरूमची झाली. शोरूमच्या काचेच्या दारातून नवरा आत शिरला तो हातात भाजीचा रिकामा क्रेट घेऊन. कागदावर लिहिलेली लांबीरुंदी त्याला कळत नाही असं नाही, पण पटत नाही. टाय लावलेला पोरगा मोबाइल गाडीला कसा जोडायचा ते सांगत होता आणि हा आपला क्रेट उचलून हौद्यात इथं ठेव, तिथं ठेव, आडवा ठेव, उभा ठेव. मग सासरे हौद्यात चढले, त्या क्रेटवर मांडी घालून बसले आणि मी असाच बसून चिखलदऱ्याला जायचं का, असं त्यांनी त्या पोराला विचारलं. तो बिचारा आमच्याकडे बघायला लागला.

तेवढ्यात मी गुपचूप शेजारच्या गाडीच्या स्टिअरिंगमागे जाऊन बसले. माझी उंची बेताची. क्लच कुठे तरी नांदगावला होता आणि माझा पाय अमरावतीत. सीट पुढे कशी घ्यायची ते चाचपत होते, तर तो टायवाला धावत आला आणि अदबीनं म्हणाला, मॅडम, बसायची सीट त्या बाजूला आहे. मी उतरले. राग आला तो घरी येऊन भाकरी थापेपर्यंत उतरला नाही. त्या दिवशीच्या भाकरी जरा जाडच झाल्या.

दुसरी फेरी अकोल्याची, सासऱ्यांच्या हट्टाखातर. त्यांच्या ओळखीच्या एकाची जीप जुन्या शहरात विकायला होती. मोर्णा नदी ओलांडून आम्ही त्या गल्लीत पोचलो तर जीप गल्लीच्या तोंडाकडे पाठ करून उभी. म्हणजे चालवून बघायची तर आधी मागे मागे काढायला हवी. नवरा स्टिअरिंगवर बसला, सासरे खाली उभे राहून हात हलवायला लागले, आणि बघता बघता सगळी गल्ली मदतीला आली. एक म्हणतो येऊ द्या, दुसरा म्हणतो थांबा, तिसरा वरच्या गच्चीतून सांगतो की डावीकडे वळवा. केळीच्या गाडीवाल्यानं आपली गाडी हलवली नाही, मात्र सल्ला सगळ्यात जास्त त्याचाच. स्टिअरिंग जात्यासारखं जड. नवरा घामाघूम झाला. मी मागच्या बाकड्यावर दांडा धरून बसले होते आणि माझे हात शिवशिवत होते.

शेवटी जीप रस्त्यावर आली आणि सगळा रस्ता धुरानं भरून गेला. नवरा म्हणाला, ही गाडी डास मारायला बरी आहे. सासरे म्हणाले, गाडीत दोष नाही, डायवरात आहे. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मूर्तिजापूरला चहा-भजी झाल्यावर बोलले आणि लगेच भांडले.

मग कोणीतरी चांदूर रेल्वेच्या डबल केबिनची बातमी आणली. पुढे पाच माणसांची ऐसपैस जागा आणि मागे आखूड हौदा, अशी गाडी. क्रेट थोडे कमी बसतील, गणगोत थोडं कमी बसेल. दोघांचंही अर्धं अर्धं समाधान होत होतं, त्यामुळे भांडण पूर्ण मिटलं. आम्ही तिघंही बघायला गेलो.

गावाच्या कडेला घर होतं. कडुलिंबाखाली पांढरी गाडी, धुऊन पुसून लख्ख, सीटवर घरी शिवलेली फुलाफुलांची कव्हरं. घरात दोघंच म्हातारा-म्हातारी. त्यांनी खुर्च्या मांडल्या, पोहे आणले, आणि गाडीबद्दल आम्ही काही विचारायच्या आत त्यांनीच आम्हाला विचारायला सुरुवात केली. वावर किती, विहिरीला पाणी टिकतं का, गाडी उन्हात उभी राहणार की टिनाखाली, घरात कोणाला पिण्याबिण्याचा नाद? सासऱ्यांना तर असल्या बैठकीची सवय. त्यांनी आमचं मूळ गाव, भाऊबंद, कोणाच्या मुली कुठे दिल्या, सगळं सांगून टाकलं. नवरा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "आपन गाडी घ्यायले आलो का सोयरीक करायले?"

पोहे झाल्यावर नवऱ्यानं गाडी फिरवून आणली. शेजारी म्हातारेबुवा, मागे सासरे. परत आले तेव्हा दोघांचेही चेहरे उजळलेले. क्लच एकदम हलका, इंजिनाचा आवाज नाही, आणि मागे पाय लांब करता येतात. एकाच गाडीवर बापलेकांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते. आता भावाचं बोलणं काढायचं म्हणून नवरा खुर्ची पुढे ओढून बसला.

म्हातारी इतका वेळ उंबऱ्यावर बसून होती. तिनं विचारलं, "गाडी चालवनार कोन हाय?"

नवरा म्हणाला, मीच की, आणि नाही जमलं तर एखादा डायवर ठेवू. सासऱ्यांनी मान डोलावली. म्हातारीनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो हसला आणि म्हणाला, भावाचं मला विचारू नका, गाडी माझी नाही, हिची आहे. त्याला स्वतःला गाडी येत नव्हती, शिकायची कधी गरज पडली नव्हती. संत्री असोत की भाजी, बाजारात माल नेला तो हिनं. नातवंडांना शाळेत सोडलं हिनं, आणि गल्लीतल्या सगळ्या बाया कोंबून चिखलदऱ्याला नेल्या त्याही हिनंच. हा आपला शेजारच्या सीटवर. आता तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. एका डोळ्याचं दिसणं गेलं होतं, दुसऱ्याचं जात होतं, आणि डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली होती.

म्हातारीनं पुन्हा तेच विचारलं, पण या वेळी तोंड माझ्याकडे होतं. "चालवनार कोन हाय?"

आता नाही बोलले तर जन्मभर मांडीवर मेथी, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"मी चालवनार," मी म्हणाले.

सासऱ्यांचा चहाचा कप तोंडापाशी थांबला. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. हसला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. "तुले येते?" एवढंच त्यानं विचारलं.

"लायसन्स हाय मायाजवळ. तुमीच तं फोटो पायला होता."

म्हातारी उठली, भिंतीला हात लावत लावत गाडीपाशी गेली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली. मी स्टिअरिंगमागे बसले. सीटखालचा दांडा ओढायला तिनं सांगितलं. सीट सरसर पुढे आली आणि खट्कन एका जागी थांबली. ती जागा तिची होती, आणि ती मला नेमकी झाली. पाय पोचले. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली. फाटकात तीन पुरुष ओळीनं उभे होते, आणि माझ्या मते तेच अडचण होते. तिसऱ्यांदा गाडी हलली आणि ते मागे राहिले.

वाटेत रेल्वे फाटक लागलं. फाटक बंद होतं आणि मी चढावर थांबले होते. मागे ट्रॅक्टर, त्यामागे एसटी. तिथं म्हातारी बोलायला लागली. ती पहिल्यांदा गाडी घेऊन निघाली तेव्हा लोक भिंतीला चिकटून उभे राहायचे, पोरं मागे ओरडत पळायची. "लोक हासतात थोडे दिवस," ती म्हणाली. "मंग थेच हात दाखवतात, थांब म्हनून."

आगगाडी धडधडत निघून गेली, फाटक वर गेलं, आणि मागचे सगळे एकदम हॉर्न वाजवायला लागले. चढावर गाडी मागे घसरली तर ट्रॅक्टरवरच.

"घाई कोनाले हाय?" ती म्हणाली. "त्यायले. तुले नाई."

मी हँडब्रेक धरला, क्लच हळूहळू सोडला, आणि रूळ ओलांडून पलीकडे गेले. पलीकडे गेल्यावर मला रडू आलं. तिला दिसलं नसावं, किंवा दिसलं असेल.

परत आल्यावर तिनं घराच्या फाटकातल्या तिघांना सांगितलं की गाडी हिले देली. भाव ती मला वाटेतच सांगून मोकळी झाली होती आणि मी हो म्हटलं होतं. नवऱ्याची घासाघिशीची सगळी तयारी वाया गेली. तो आजही म्हणतो की मी असतो तर कमी केला असता. कव्हरं तिनं काढून घेतली नाहीत. निघताना एवढंच म्हणाली की शेतात रोडगे कराल तेव्हा मला न्यायला ये.

तेव्हापासून मी चालवते. नवरा शेजारी बसतो. पहिले काही दिवस गाडी मी चालवायची आणि ब्रेक तो तोंडानं मारायचा, आता कमी झालंय. सासरे मागे पाय लांब करून बसतात आणि एसटी थांब्यावर कोणी ओळखीचं दिसलं की मला गाडी थांबवायला लावतात. बाजारातून येताना रिकाम्या हौद्यात गावातल्या बाया बसतात आणि त्यांच्या गप्पा ऐकत घरी यायचं, यासारखी करमणूक नाही.

या थंडीत तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हा आम्ही शेतात रोडगे केले. गोवऱ्यांच्या विस्तवावर कणकेचे जाड गोळे भाजायचे, तूप, वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. सासऱ्यांच्या बोलावण्यावरून अर्धं गाव येणार होतं. सकाळीच मी एकटी चांदूरला गेले आणि म्हातारा-म्हातारीला घेऊन आले. म्हातारा आपणहून मागे बसला. ती माझ्या शेजारी.

तिला आता समोरचं फारसं दिसत नव्हतं. डांबरी रस्ता संपून शेताची वाट लागली. काळ्या मातीतल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. गिअर बदलायला मी हात पुढे नेला आणि माझी नजर सहज खाली गेली. तिचा डावा पाय पायपुसणं दाबत होता. मग सुटला. पुढच्या खड्ड्याशी पुन्हा दाबला गेला, माझ्या पायाच्या जरासा आधी. दरवेळी जरासा आधी. तोंडानं ती मागच्या म्हाताऱ्याशी तुरीच्या भावाचं बोलत होती. पाय काय करतोय हे तिला माहीत होतं की नाही, देव जाणे.

मला एकदम भरून आलं. पुढच्या वळणावर मी तिच्या पायावर नजर ठेवली, आणि तो खाली गेला त्याच क्षणी मीही क्लच दाबला. गिअर आवाज न करता पडला.

ती बोलता बोलता थांबली. समोर बघत म्हणाली, "आता बरी चालवून राहिली तू."