कारणाचा रकाना

"कांबळे मॅडम, इम्तियाजचा सर्व्हर रूमचा ॲक्सेस आजच काढून टाका," लिमये सर माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले. दुपारचे साडेतीन वाजले होते. चारला कॉन्फरन्स रूममध्ये त्यांचं व्याख्यान होतं. विषय नेहमीचाच, सर्वांमध्ये एकच आत्मा.

मी त्या कंपनीत सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर होते, म्हणजे कॉम्प्युटर, पासवर्ड आणि दारं सांभाळणारी. ऑफिस औंधात, क्लायंट अमेरिकेत आणि डायरेक्टर लिमये सर नारायण पेठेतले. दर गुरुवारी ते स्लाइडवर समुद्र दाखवत आणि सांगत, लाटा वेगळ्या दिसतात, पाणी एकच. आम्ही बौद्ध. आमच्या घरात आत्माच मानत नाहीत. त्यामुळे मी मागच्या खुर्चीवर बसून निवांत समोसा खात असे. पण सर मनापासून बोलत, हेही खरं. मी येरवड्याची म्हटल्यावर "तुरुंगाच्या अलीकडे की पलीकडे?" असं न विचारणारे त्या ऑफिसात ते एकटेच.

इम्तियाज बॅकअप बघायचा. दिवसभराच्या कामाची नक्कल टेपवर उतरवायची, रोज संध्याकाळी टेप बदलायची, आधीची तिजोरीत ठेवायची. हे सगळं सर्व्हर रूममध्ये. ते दार त्याच्या कार्डाने उघडलं नाही, तर त्याला कामच उरत नव्हतं. त्यातून महिनाअखेरीस त्याचं प्रोबेशन संपत होतं.

"काय केलं त्याने?"

"केलं काहीच नाही हो. पोरगा चांगला आहे. पण सध्याचं वातावरण बघताय ना? ती मेल आली नाही का तुम्हाला?"

आली होती. 'आपल्या शेजारी कोण बसतं ते ओळखा, वेळीच सावध व्हा, दहा जणांना पाठवा.' खाली कुणाचं नाव नव्हतं. लिमये सरांनी ती अकरा जणांना पाठवली होती. सर्व्हरवर मला आकडे दिसायचे.

मला राग आला. भीतीही वाटली. आज त्याचं कार्ड, उद्या माझ्या आडनावाचं. पण पडले नोकरदार. सरांना शेजारी बसवलं आणि त्यांच्याच लॉगिनने टिकेट उघडलं. टिकेट म्हणजे कामाचा कॉम्प्युटरवरचा अर्ज.

"कारण काय लिहू?"

"कारण कशाला? मी सांगतोय ना."

"रकाना भरल्याशिवाय पुढे जात नाही, सर. ऑडिटच्या वेळी आपणच तसं करून घेतलंत. हे क्लायंटलाही दिसतं."

यादीत राजीनामा, बदली, कार्ड हरवणं आणि गैरवर्तन एवढी कारणं होती.

"गैरवर्तन टाका."

"पुरावा जोडावा लागतो. ती मेल जोडू?"

"अहो, काहीतरीच काय!"

उरलं 'इतर'. तिथे निदान वीस अक्षरं लिहावी लागत. सरांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. खबरदारी म्हणून, असं लिहिलं. पुसलं. त्याच्याच सुरक्षिततेसाठी, असं लिहिलं.

"कुणापासून?" मी विचारलं.

तेही पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला नाही वाटत भीती?"

"वाटते ना. पण मला ती मेल लिहिणाऱ्याची वाटते."

चार वाजले तसे सर टिकेट अर्धवट टाकून उठले.

एक गोष्ट मी साफ विसरले होते. टिकेट उघडलं की ते ज्याच्याविषयी आहे, त्याला आपोआप मेल जाते. ही सोय मीच करून ठेवली होती. आजही आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

समुद्राची स्लाइड नुकतीच लागली होती. इम्तियाज आत आला, सरळ पुढे गेला आणि गळ्यातलं कार्ड काढून सरांसमोर ठेवलं.

"सर, मी नको असेन तर हे ठेवून घ्या. पण आजची टेप कोण बदलणार, तेवढं सांगा. रात्री मशीन बंद पडलं तर सगळ्यांचंच काम जाईल."

समोसे खाणं थांबलं. सरांनी एकदा स्लाइडकडे पाहिलं, एकदा कार्डाकडे. मग कार्ड उचलून त्याच्या हातात दिलं.

"तूच बदलणार. दुसऱ्या कुणाला येतं इथे?" आणि तो दारापाशी पोचल्यावर, "तिजोरीचं कुलूप ओढून बघत जा."

पेठेतल्या माणसाकडून याहून मोठी माफी मी ऐकलेली नाही. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं, कारण टिकेट मागे घ्यायलाही वीस अक्षरं लागतात. संध्याकाळी सर पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसले. चूक माझी, सॉरी, असं इंग्रजीत लिहिलं. दोन अक्षरं कमी पडली, म्हणून सॉरी दोनदा लिहावं लागलं. ते क्लायंटला गेलं आणि आपोआप इम्तियाजलाही गेलं. महिनाअखेरीस तो कायम झाला. गुरुवारची व्याख्यानंही चालू राहिली. इम्तियाज माझ्या शेजारी मागच्या खुर्चीवर बसू लागला.

भीतीला कुणी कारण विचारत नाही, म्हणून तिचं फावतं. पुढे मी जिथे जिथे नोकरी केली, तिथे कारणाचा रकाना सक्तीचा करून घेतला. विसाची मात्र तीस अक्षरं केली.