टीव्हीखालचा डबा आणि ज्वारीच्या अक्षता

आमच्या घरात थिएटर आलं ते कापडी पिशवीतून. पोळ्यांच्या डब्यापेक्षाही लहान असा तो मिनी कॉम्प्युटर मी बगलेत मारून आणला, तेव्हा बायकोला वाटलं मी शेंगाचटणी आणलीय. ती झाकण शोधायला लागली.

"ह्याला झाकण नसतं," मी म्हणालो. "कॉम्प्युटर आहे हा. आता टीव्हीवर जगातलं काहीही दिसेल."

"मग आधी काय दिसत नव्हतं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर अजून कुठल्याही कंपनीला देता आलेलं नाही, तर मी कोण? मी वायर टीव्हीत खुपसली, बिनवायरचा कीबोर्ड मांडीवर घेतला आणि केबलवाल्याला फोन लावला. "उद्यापासून तुमची गरज नाही," असं मी ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज मी सासऱ्यांसमोर कधी काढला नव्हता.

टीव्ही आमचा जुना. त्याला स्वतःचं डोकं नव्हतं, म्हणूनच तो इतकी वर्षं विनातक्रार चालला. पूर्वी बातम्या लावायला एक बटण पुरायचं. आता आधी डबा उठायचा, मग मलाच माझी ओळख विचारायचा, मग स्वतःमध्ये सुधारणा करत बसायचा. तो सुधारेपर्यंत बातम्या शिळ्या व्हायच्या. एकदा तर सरकार बदललं.

बायकोनं दोनच दिवसांत त्याला कव्हर शिवलं, चादरीच्या उरलेल्या तुकड्याचं, वर मोर. आमच्या सोलापुरात वस्तू उघडी ठेवणं म्हणजे अब्रू उघड्यावर टाकणं. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटलासुद्धा प्लॅस्टिकचा अंगरखा. मी ते कव्हर तिथल्या तिथं काढलं.

"अगं, ह्याच्या डोक्यावर ही जाळी दिसते ना, तिथून तो श्वास घेतो. आत पंखा आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात तू चादर पांघरून बसशील का?"

"घेऊ दे श्वास," ती म्हणाली. "आत काय गेलं तर मला सांगायला येऊ नका."

अशातच भाचीचं लग्न ठरलं. लग्न कॅनडात. ही भाची म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी, पण वाढवली आईनं. बहीण आणि मेहुणे नोकरीपायी देश बदलत हिंडत होते, तेव्हा ही दहावीपर्यंत आमच्याकडे होती. तिच्या वेण्या आईनं घातल्या, तिची पहिली वाकडी भाकरी आईनंच कौतुकानं खाल्ली आणि दुसरी मला खायला लावली. आता नेमका आईचा गुडघा नुकताच बदललेला. डॉक्टरांनी विमानाला सरळ नाही म्हटलं.

आई रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "मला बाकी काय नको. तिनं त्याच्या गळ्यात हार घातलेला तेवढा मला दिसू दे."

"आई, आपल्या टीव्हीवर एवढं मोठं दिसेल की हारातली फुलं मोजशील," मी म्हणालो. असली आश्वासनं द्यायला मला निवडणूक लागत नाही.

तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. दिवे लागायच्या आत आमच्या हॉलमध्ये अख्खी गल्ली पैठण्या नेसून बसली होती. शेजारच्या अक्का, ज्यांच्या घरी तेलुगू आणि आमच्या घरी मराठी चालतं, त्या गजरा माळून सगळ्यांत पुढे. आई इरकल नेसून खुर्चीत. मी कीबोर्डवर बोट दाबलं आणि टीव्हीवर कॅनडा उगवला. मांडव, गुरुजी, अंतरपाट, पलीकडं नवरामुलगा, अलीकडं आमची पोर हार घेऊन उभी. मी अशा थाटात मागं वळून पाहिलं, जणू कॅनडा मीच शोधला.

तेवढ्यात आईनं परडी फिरवायला सुरुवात केली. अक्षता! आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या, कुंकवात माखलेल्या.

"टीव्हीवर टाकायच्या?" मी विचारलं.

"मग काय तुझ्यावर? कुणाचं लगीन बघायलोय आपण?"

"कॅनडापर्यंत पोचवायच्या म्हणजे जोरात टाकाव्या लागतील की," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी बांगड्या मागं सारल्या.

पहिल्या 'सावधान'ला टीव्हीवर गारपीट झाली. दुसऱ्याला ढगफुटी. आता टीव्हीवर आपटलेली ज्वारी जाणार कुठं? सरळ खाली. आणि खाली कोण? डोकं उघडं टाकून श्वास घेत बसलेला माझा डबा. त्याच्या जाळीचं एकेक भोक अगदी ज्वारीच्या मापाचं. परदेशातल्या कारखान्यात बसून कुणी आमच्या मालदांडी ज्वारीचं माप घेतलं असेल, देव जाणे! तांदूळ असता तर आडवा तरी अडकला असता. ज्वारी पडली गोल, ती घरंगळत थेट पंख्यात.

आधी खडखड झाली, मग घरघर.

"कार्यालयाच्या शेजारी पिठाची गिरणी हाय वाटतं," अक्का म्हणाल्या.

अंतरपाट खाली आला. पोरीनं हार उचलला. हात वर गेले, तिथंच थिजले, आणि टीव्ही काळा झाला. त्या काळ्या काचेत आमचीच नटलेली तोंडं दिसायला लागली.

मी डबा उपसून उलटा केला, सुपासारखा पाखडला. लाल ज्वारी सतरंजीवर सांडली. थोडं पीठही पडलं. बटण दाबलं, डबा हूं की चूं करेना.

"श्वास घेतो म्हणे," बायको म्हणाली. "घेतला की पोटभर!"

बोलता बोलता तिनं आपल्या मोबाइलवर लग्न लावलं. पण तोवर तिकडं वाजंत्री सुरू. दोघांच्या गळ्यात हार आणि फोटोसाठी रांग.

आईनं परडी खाली आपटली. आईनं काही आपटलं की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकणं पुढं ढकलतात.

"लाव फोन तिला," ती म्हणाली.

"आई, ती बोहल्यावर आहे."

"मग सापडंल की. कुठं जातीय?"

मी माझ्या मोबाइलवरून लावलेला फोन बहिणीनं उचलला आणि स्पीकर लावून तसाच पोरीपुढं धरला.

"आजी! दिसलं ना सगळं?"

"तुझ्या मामाच्या डब्यानं दळण घातलं," आई म्हणाली. "हार काय दिसला न्हाय बाई मला."

 पोरीनं रांगेतल्या पाहुण्यांना हातानं थोपवलं आणि नवऱ्याच्या गळ्यातला हार काढून घेतला. गुरुजी मध्ये पडले. मुहूर्त होऊन गेला, असं परत करत नाहीत, असं काहीबाही सांगायला लागले.

"गुरुजी," आई फोनमध्ये ओरडली, "तुमचा मुहूर्त झाला. ह्यो माझा हाय."

नवऱ्यामुलाला वाटलं हाही एखादा विधीच असणार. आपल्या लग्नात नवऱ्याला कोण काय विचारतं? त्यानं निमूट मान वाकवली. आईनं बायकोच्या हातातला मोबाइल ओढून थेट नाकाशी नेला.

"सावकाश घाल गं," ती म्हणाली. "घाई न्हाय. मला बघू दे."