काजळाची डबी

माझ्या नातीच्या उजव्या बुबुळाच्या कडेला जन्मतःच पांढरट गाठ होती. ती दिसू नये म्हणून माझी पत्नी त्या डोळ्यात भरपूर काजळ घालीत असे. जळगावच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेने गाठ काढली आणि समजावले, "जखम भरली की रोज थोडा वेळ चांगला डोळा पट्टीने झाका, म्हणजे हा डोळा पाहायला शिकेल. काजळ मात्र बंद."

"चांगलाच डोळा झाकायचा, हे कोणतं शास्त्र?" सावद्याला घरी परतल्यावर, जखम भरून पहिल्यांदा पट्टी बांधताना पत्नी कुरकुरली.

"काजळाची तीट हवीच तर तळपायाला लाव," मी म्हणालो.

"तळपायाला कोणाची दृष्ट लागते, मास्तर?"

तरीही तिने डबी उघडली. पट्टी बांधलेली नात रांगता रांगता थबकली. उजव्या डोळ्याने तिने ती इवलीशी डबी नेमकी हेरली आणि झडप घातली.

पत्नीने ती काढून घेतली नाही.