दाढीचा नवस

माझा मित्र सुजित कारेगावच्या एका कंपनीत कामाला आहे. मोबाइलवरच्या एका गेमची शेवटची लेव्हल पार होईपर्यंत दाढी करणार नाही, असा नवस तो खंडोबाला बोलला होता. गाण्याच्या ठेक्यावर उड्या मारत काटे चुकवायचा तो गेम. सुजितचा ठेका कायम चुकायचा. दाढी छातीवर आली आणि कासुर्डीला मुलगी पाहायला जायची सकाळ उजाडली.

"मोडून टाक नवस," मी म्हणालो.

"खंडोबाचा? येडा हायस का?" भाकरी थापता थापता त्याची आई, जाईमावशी, कडाडल्या.

सुजित त्यांच्या हातांकडे बघत राहिला. मग मोबाइल घेऊन चुलीपाशीच बसला. थापण्याचा ठेका गाण्याशी जुळत होता! पण मावशी भाकरी तव्यावर टाकायला थांबल्या, की हा काट्यावर.

"आये, थांबू नको!"

"मंग भाकर करपू देऊ व्हय?"

शेवटी त्याचे वडील, बबनराव, बाह्या सरसावून दुसऱ्या परातीपुढे बसले. मावशी थांबल्या की ते थापायचे. मी थक्क होऊन बघत होतो.

लेव्हल पार झाली. सुजित वस्तऱ्याकडे पळाला. बबनराव हात धुवायला उठले.

"बसा खाली," मावशी म्हणाल्या. "नवस त्याचा फिटला. भाकरी राहिल्यात अजून."