गडद निळी गल्ली

मार्करचं टोपण उघडलं आणि तो उग्र वास आला, की मला नेपरव्हिलच्या घरातलं आमचं जेवणाचं टेबल आठवतं. बाहेर बर्फ पडत होता, मी मेथी निवडत होते आणि समोर मुलगी शाळेचा प्रोजेक्ट करत होती. व्हिक्टोरियन काळात लंडनच्या नकाशावर म्हणे गल्लीगल्लीला रंग दिला होता. श्रीमंतांना पिवळा, सुखवस्तूंना लाल, अगदी गरिबांना गडद निळा. तसाच नकाशा ओळखीच्या रस्त्यांचा करायचा होता. ती फोनवर घरांचे फोटो बघून रंग ठरवत होती. आमचा रस्ता लाल झाला. मग शहरातल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागची एक गल्ली आली. गंजलेला जिना, खिडकीला पुठ्ठा. तिनं सरळ गडद निळा फिरवला. "आई, इज दॅट राइट?" हॉस्पिटलमधून तिला दुपट्यात गुंडाळून आणलं, तेव्हा त्याच जिन्यापाशी शेजारच्या काकूंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. "हो, बरोबर आहे," मी म्हटलं आणि मेथीची दुसरी जुडी सोडली. अजूनही वाणसामानाला मी डेव्हनलाच जाते. त्या गल्लीत पार्किंग मिळतं, तरी गाडी तिथे लावत नाही.