नववा नियम

देवचंद बैसाणे पिंपळनेरच्या शाळेत संगणक शिकवायला लागला तेव्हा शाळेत संगणक नव्हते. खोली होती. तिला नवा रंग दिला होता, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या होत्या, खाली सतरंजी अंथरली होती. तो पावसाळाभर फळ्यावर खडूने कीबोर्ड काढून शिकवत राहिला. अकरावी-बारावीची मुले बाकावर बोटे आपटत.

दिवाळीनंतर सहा संगणक आले. बाहेरगावी मोठा झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने ते दिले होते. टेम्पोतून खोकी उतरवताना फाटकाशी जत्रा जमली. खोलीच्या उंबरठ्यावर नारळ फुटला. प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागले. पहिल्या यंत्राच्या वर फळी ठोकून सरस्वतीची तसबीर बसवली गेली. देवचंद बौद्ध. त्याच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. तो हात मागे बांधून एका बाजूला उभा राहिला. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने बटणांच्या फटीत सांडलेले कुंकू ओल्या फडक्याने टिपून काढले. त्याला वाईट वाटले नव्हते. घरात ट्रॅक्टर आला, शिलाई मशीन आले, तरी लोक हेच करतात.

त्याची नेमणूक तात्पुरती होती. कायम करण्याचा प्रस्ताव वर्षअखेर जिल्ह्याला जायचा होता. त्यावर मुख्याध्यापक शालिग्राम सरांची सही लागणार होती. घर देवचंदच्या पगारावर चालत होते. धाकटा भाऊ त्याच पगारावर धुळ्याला शिकत होता. आई, भागाबाई, रोज सकाळी डबा हातात देताना तेच सांगायची. कोणाशी वाद घालू नको, मान खाली घाल, काम कर, कागद हातात पडू दे.

यंत्रे लागली त्याच आठवड्यात शालिग्राम सरांनी त्याला नियम लिहायला बोलावले. पहिले वाक्य त्यांनीच सांगितले: यंत्रास कोणीही हात लावू नये.

देवचंद म्हणाला, हात लावला नाही तर मुले शिकणार कशी?

"बिघडलं तर संस्था मला विचारेल, बैसाणे. मी तुम्हाला विचारीन."

बरीच घासाघीस होऊन आठ नियम ठरले. पादत्राणे बाहेर काढावीत. हात धुऊन यावे. शिक्षक असताना हात लावावा. हजेरीच्या क्रमाने बसावे, कोणाचाही क्रम डावलू नये. घरची फ्लॉपी आणू नये. दुसऱ्याची फाईल उघडू नये. इंटरनेट शिक्षक शेजारी असतानाच लावावे. दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवू नये. तिसऱ्या नियमापुढे देवचंदने 'भिऊ नये' असे दोन शब्द लिहिले होते. सरांनी ते खोडले. नियमात असले काही लिहीत नसतात, असे त्यांचे म्हणणे पडले. गावातल्या पेंटरने पत्र्यावर आठही नियम रंगवले आणि फलक दाराशी लागला.

इंटरनेट एकाच यंत्राला होते, आणि तेही मुख्याध्यापकांच्या फोनच्या तारेवर. देवचंदने जोडणी लावली असताना ऑफिसात कोणी फोन उचलला की कानात किंचाळी यायची आणि जोडणी तुटायची. पहिल्यांदा सुंदरबाईने फोन उचलला. ती धावत आली. फोन रडी राह्यना, म्हणाली. त्या दिवशी अख्खा वर्ग हसला. ती स्वतःही हसली.

सुंदरबाई शाळेची शिपाई. नवऱ्यामागे त्याच्या जागेवर लागलेली. संगणकखोलीची चावी तिच्या कमरेला असायची. सकाळी ती खोली झाडायची, यंत्रांवरची मखमली झाकणे झटकायची, आणि तसबिरीसमोर उदबत्ती लावायची. धुराने यंत्रे खराब होतात असे देवचंदने सांगितल्यावर तिने उदबत्ती खिडकीत नेली. लावायची थांबली नाही. शाळेत सगळे तिला अक्का म्हणत. तिच्या खोलीतून कधी एक तारही चोरीला गेली नाही.

हिवाळ्यात देवचंदच्या एक गोष्ट ध्यानात आली. मुलींचे प्रात्यक्षिकाचे तास बुडत होते. आलटून पालटून, पण प्रत्येकीचे. रत्नमालाचेही बुडत होते, याचा त्याला राग आला. ती बाजार समितीत कांद्याची पोती उचलणाऱ्या झुलालची मुलगी. वर्गात तिच्याइतकी बोटे कोणाची चालत नसत. बारावीला तिने संगणक विषय घेतला होता. प्रात्यक्षिकात नापास झाली असती तर वर्ष गेले असते, आणि गेलेले वर्ष पुन्हा द्यायची झुलालची ऐपत नव्हती. हे तिने स्वतःच देवचंदला सांगितले होते. देवचंदने तिला भर वर्गात उभे केले आणि कुठे होतीस म्हणून विचारले. ती पायाच्या अंगठ्याने सतरंजी उकरत राहिली. मागे मुले हसली. मुलींपैकी कोणी वर पाहिले नाही.

तास संपल्यावर त्याने सुंदरबाईला विचारले.

तिने लपवले नाही. ती रोज दारात प्रत्येक मुलीला हळूच विचारत होती. ज्या बाजूला बसलेल्या असत, त्यांना परत पाठवत होती. चार दिवस. मुली खरे सांगत. घरी आईने विचारले तरी त्या खरेच सांगत.

"तठे देवी शे, भाऊ," ती म्हणाली. "बाजूले बठेल पोर तठे कशी जाई?"

देवचंदचा चेहरा उतरला. त्याला आधी भर वर्गात उभ्या केलेल्या त्या मुलीसाठी लाज वाटली, मग स्वतःची. त्याच वेळी बोलायला हवे होते. तो खोलीत जाऊन तसबिरीकडे पाहत उभा राहिला. ती काढा असे त्याने म्हणायचा अवकाश, बैसाणेला सरस्वती नको म्हणे, हे संध्याकाळपर्यंत पांझरा नदीच्या दोन्ही काठांवर झाले असते. प्रस्ताव अजून गेलेला नव्हता.

रात्री जेवताना त्याला मार्ग सुचला. तो त्याला फार चांगला वाटला. त्याने स्वच्छ अक्षरात नववा नियम लिहिला: मुलींना अडचण असल्यास वेळ बदलून मिळेल, कारण विचारले जाणार नाही. पत्र्यावर जागा उरली नव्हती, म्हणून कागद फलकाखाली डकवला. आता अक्का दारात विचारणार नव्हती, मुलींना सांगावे लागणार नव्हते, तासही बुडणार नव्हते. शालिग्राम सरांनी कागद वाचला आणि प्रथमच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हे छान केलंत. सभ्य भाषेत."

आठवडा गेला नाही तोच मुलांना त्यातली गंमत कळली. खोलीबाहेर एखादी मुलगी थांबलेली दिसली की छगन नावाचा एक पोरगा गंभीर आवाजात विचारायचा, आज कोणाला नववा लागला? नियम फक्त मुलींचा होता, त्यामुळे कारण विचारायची गरजच उरली नव्हती. पूर्वी जे अक्काच्या कानात सांगायचे, ते आता भिंतीवर होते. बदलून दिलेली वेळ चार दिवसांनंतर, शाळा सुटल्यावरची होती, आणि त्या वेळेला पिंपळनेरची वीज नेमाने जायची. मुली अंधारात झाकलेल्या यंत्रांसमोर थोडा वेळ बसत आणि शेवटच्या बसला जात.

देवचंदने छगनला दोनदा हाकलून दिले. पण छगनने काय मोडले होते? नियम तर शाळेचा होता.

त्याच दिवसांत त्याला आपल्या गावची शाळा वारंवार आठवू लागली. तिथे कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. त्याच्या वस्तीतल्या मुलांनी माठाला हात लावायचा नसे. दुसरा कोणी मुलगा वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. ओतणारा खेळायला गेला असेल तर तसेच बसायचे. तिथे भिंतीवर काही लिहिलेले नव्हते. गुरुजींनीही तोंडाने कधी सांगितले नव्हते. लिहून द्यायचे काम त्या शाळेत कोणी केले नव्हते. ते इथे त्याने केले होते.

हे त्याने पुढे एका मित्राला सांगितले.

तरीही कागद भिंतीवरच राहिला. प्रस्ताव शालिग्राम सरांच्या टेबलावर आला होता.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा लागली. साक्रीहून परीक्षक आले. त्यांना दुपारी दुसऱ्या शाळेत जायचे होते. मुले क्रमाने आत गेली. एक यंत्र रिकामे राहिले. रत्नमाला व्हरांड्याच्या खांबाशी उभी होती. हातात हॉलतिकीट होते. सुंदरबाई दारात होती.

देवचंदला विचारावे लागले नाही. परीक्षेला वेळ बदलून मिळत नाही, हे त्या कागदाला ठाऊक नव्हते.

तो म्हणाला, आत चल.

ती हलली नाही. "सर, नियम तुमचाच आहे."

टोमणा नव्हता तो. तिने तो नियम नियमासारखाच मानला होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मशीन बंद पडलं तर सगळे म्हणतील हिच्यामुळे."

तेवढ्यात शालिग्राम सर ऑफिसातून बाहेर आले. त्यांनी एका नजरेत सगळे ओळखले आणि देवचंदला बाजूला घेतले. वाईट माणूस नव्हते ते. गैरहजर लावा म्हणाले, ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा असतेच, परीक्षकांसमोर शाळेची शोभा नको. मग म्हणाले, "तुमचा प्रस्ताव समोरच आहे. आज सही करून टाकणार होतो."

देवचंदने मान हलवली. सरांना तो होकार वाटला. ते परत ऑफिसात गेले.

देवचंद फलकाशी आला. त्याने खालचा कागद एका कोपऱ्याने धरला आणि ओढला. खळ वाळून घट्ट झाली होती, कागद सरळ निघेना. त्याने नखाने उरलेले तुकडे खरवडले. आत मुलांचे हात थांबले होते. मग तो दारापाशी गेला. शाळेत तो कधी अहिराणी बोलत नसे. त्या दिवशी बोलला.

"अक्का, वाट दे."

"मना हातथीन पाप नको, भाऊ."

"पाप मना नाववर लिख. नियम मी लिखेल व्हता. मीच फाडस."

वाट सुंदरबाईने दिली नाही. अडवलीही नाही. तिने तसबिरीकडे पाठ केली आणि व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून बसली.

"यंत्राला काही झालं तर माझं नाव सांग," देवचंद रत्नमालाला म्हणाला. "आता जा. वेळ जातोय."

तिने चपला काढल्या. हात धुतले. आत जाऊन रिकाम्या यंत्रासमोर बसली. ते नेमके तसबिरीखालचे होते. परीक्षकांनी घड्याळ पाहिले आणि तिच्यापुढे प्रश्नाची चिठ्ठी ठेवली.

तिचा प्रोग्रॅम अर्ध्यावर आला आणि पडदा गोठला. बटण दाबले तरी काही हलेना. तिचे हात मांडीवर पडले. व्हरांड्यात सुंदरबाई उठून उभी राहिली होती. देवचंदला आपण पाण्यात उभे आहोत आणि पाणी चढते आहे असे वाटले.

शेजारच्या यंत्रावरून छगन बोलला. मान त्याने वर केली नाही.

"माझंही सकाळपासून दोनदा अडकलंय, सर. ही यंत्रं अडकतातच."

परीक्षक कंटाळलेले होते. "मग बंद करून चालू करा," म्हणाले. "त्यात काय एवढं."

रत्नमालाने स्वतः बटण दाबले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला जो वेळ लागला, तेवढा वेळ कोणी कोणाकडे पाहिले नाही. मग तिने पहिल्या ओळीपासून सगळे पुन्हा टाइप केले.

ती पास झाली. फार मोठे गुण पडले नाहीत, पण वर्ष वाचले. जूनमध्ये ती धुळ्याच्या कॉलेजात गेली.

देवचंदचा प्रस्ताव जिल्ह्याला गेला नाही. का, ते कोणी सांगितले नाही. तसबिरीचे नाव कोणी काढले नाही, फाडलेल्या कागदाचेही नाही. यंदा पद मंजूर नाही, एवढेच ऐकायला मिळाले. शाळा उघडली तेव्हा त्याच्या जागी दुसरे सर होते. भागाबाई काही दिवस त्याच्याशी बोलली नाही. धाकटा भाऊ शिक्षण अर्ध्यावर ठेवून दुकानात लागला. हे देवचंदला सर्वांत जास्त लागले, आणि ते त्याने कधी झाकले नाही. तू बरोबर केलेस असे कोणी म्हटले की तो फक्त भावाचे नाव घ्यायचा.

त्याला नरडाण्याला एका कारखान्यात काम मिळाले. वजनकाट्याच्या खोलीत संगणक होता. त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर टाकायचे. त्या संगणकाला नियम एकच होता, तो बंद करायचा नाही.

पुढच्या पावसाळ्यात तो पिंपळनेरच्या बसस्थानकावर नरडाण्याकडे परतायला उभा होता. सुंदरबाई दळणाचा डबा घेऊन आली. तिने त्याला ओळखले आणि डबा बाकावर ठेवला. आईची चौकशी केली, भावाची केली. मग शाळेचे सांगू लागली. नवे सर बरे आहेत. इंटरनेट आता रोज लावतात. शालिग्राम सर फोनसाठी ओरडतात.

"पोरी आते सांगतसच नही," ती म्हणाली. "मी इचारस, त्या हासतस नि मझार जातस. बठ्ठ्या."

सगळ्याच आत जातात, ही ती तक्रार करत होती की नुसते सांगत होती, ते देवचंदला कळेना. उदबत्ती लावते का, असे त्याने विचारले. लावते ना, म्हणाली, ती का सोडायची.

बस फलाटाला लागली. लोक दाराकडे धावले. देवचंदने पिशवी खांद्याला लावली.

"अक्का," त्याने विचारले, "एखादं यंत्र बिघडनं का?"

सुंदरबाईने विचार केला. ती खोटे बोलणारी बाई नव्हती.

"नही," ती म्हणाली. "अजून तं नही."