शाझिया पिंजारी आणि गोजराबाईंची मिश्री

२९ मार्च १९४८ रोजी भारतात दंतवैद्यकांचा कायदा झाला. त्यात दंतवैद्याची व्याख्या आहे, दात स्वच्छ करणाऱ्या हायजिनिस्टची आहे, कवळ्या घडवणाऱ्या मेकॅनिकचीही आहे. मात्र खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून डॉक्टरच्या हातात हत्यार देणाऱ्या असिस्टंटची नाही. पिंपळगाव बसवंतच्या शाझिया पिंजारीने २०२४च्या जूनमध्ये हे काम धरले तेव्हा तिला या उणिवेची कल्पना नव्हती. असती तरी तिचे काही अडले नसते, असे तिच्याकडे पाहून वाटते.

त्याआधी बरीच वर्षे ती द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये होती. घडातले फुटके, बारके मणी कात्रीने काढायचे आणि घड फक्त देठाने धरायचा, हा तिथला नियम. मण्यावर पावडरीसारखी पांढरी धूसर लव असते. बोट लागले की ती पुसली जाते आणि माल निर्यातीतून बाद होतो. हंगाम संपला की काम संपत असे. नवरा अबरार टेम्पो चालवायचा, तोही हंगामाच्याच भरवशावर. घरातल्या एकाला तरी बारमाही काम हवे होते.

ते मिळाले तिच्याच दुखऱ्या दाढेमुळे. आडगाव नाक्यावरच्या डॉ. आरोही निकुंभ यांची असिस्टंट लग्न करून पुण्याला गेली होती. शाझियाच्या तोंडातली लाळ ओढणारी नळी सारखी घसरत होती आणि एकट्या डॉक्टरांची तारांबळ उडाली होती. शेवटी शाझियाने स्वतःच हात वर करून ती नळी धरली.

"वा! पेशंटच कामाला लागला," डॉक्टर हसल्या.

दाढेचे काम झाल्यावर अर्ध्या बधिर तोंडाने शाझियाने विचारले, "मॅडम, नळी धरायला माणूस पाहिजे का?"

"दिवाळीपर्यंत शिका. मग ठेवायचं की नाही ते ठरवू."

हत्यार द्यायला ती लवकर शिकली. टोकाला स्पर्श न करता मागच्या बाजूने धरायचे, हे तिच्या बोटांना देठामुळे ठाऊकच होते. दातांचे माप घेण्याची गुलाबी भुकटी कालवण्याने मात्र तिची फजिती केली. तिथे पाणी मोजून एकदम ओतायचे आणि मिश्रण वाटीच्या कडेला झरझर घोटायचे असते. शाझियाने कणकेसारखे थोडे थोडे पाणी घालत अंदाज घेतला. तोवर वाटीत रबराचा गोळा तयार.

"हा उंडा झाला, शाझिया," डॉक्टर म्हणाल्या. "आता पोळ्या लाटा."

चुकांवर त्या अशाच हसत. एका बाबतीत मात्र हसू नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बजावले होते, "पेशंटबद्दल जे दिसेल ते मला सांगायचं. त्याला वाईट वाटेल का, ते मी बघेन. हे जमलं नाही तर बाकी सगळं येऊन उपयोग नाही."

सप्टेंबरमध्ये गोजराबाई आल्या. मूळच्या नांदगाव तालुक्यातल्या. मुलाला ओझरच्या कारखान्यात नोकरी, म्हणून आता ओझरला. वरची एक दाढ काढायची होती. सोबत सून होती, सुनेच्या कडेवर सहा-सात महिन्यांचा नातू.

"आजी, तंबाखू, पान, मिश्री?" डॉक्टरांनी विचारले.

"नाय वो बाई. कायबी नाय."

"आधी मिश्री लावायच्या," सून कौतुकाने म्हणाली. "याच्या बारशाला पाळण्यावर हात ठेवून सोडली. सगळ्या पाहुण्यांसमोर."

"छान केलंत," म्हणत डॉक्टर हात धुवायला गेल्या आणि सून बाळाला घेऊन बाहेर बसली. शाझिया गोजराबाईंच्या गळ्याभोवती नॅपकिन बांधू लागली. तेव्हा तिला त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी दिसली. पेराच्या घडीत काळे मुरलेले होते. असे बोट ती रोज घरी पाहत होती. तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू तिची सासू गुलजारबी याच बोटाने हिरड्यांना लावत असे.

गोजराबाईंनी मूठ मिटली.

"पोरी, तू बी सासूवाली दिसतीस," त्या हळूच म्हणाल्या. "पाळन्यावर हात ठिवलाय म्या. सुनंला कळलं तर पोरगं मांडीवर द्यायची नाय. बोलू नगंस."

डॉक्टर परत आल्या. शाझिया बोलली नाही.

दाढ सहज निघाली. हत्यारे अचूक हातात पडली आणि डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली. परतीच्या बसमध्ये ओझर येईपर्यंत शाझियाला मात्र ती मिटलेली मूठच दिसत राहिली.

तिसऱ्या दिवशी गोजराबाई सुनेबरोबर गाल धरून आल्या. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी उरली नव्हती. आत हाड उघडे पडले होते.

"काही लावलंत का, आजी?"

"नाय."

"मग साखर बघू." बोट टोचायचे म्हटल्यावर गोजराबाईंनी चटकन डावा हात पुढे केला. साखर ठीक निघाली. डॉक्टर कोड्यात पडल्या. खड्ड्यात औषध भरून त्यांनी अधिक जोराच्या गोळ्या लिहायला घेतल्या.

या क्षणी शाझियाला दोन्ही वाटा दिसत होत्या. गप्प राहिले, तर म्हातारीच्या पोटात विनाकारण गोळ्या जाणार आणि मिश्री लागत राहून जखम तशीच राहणार. बोलले, तर आपण आधी गप्प होतो हेही उघड होणार. आणि नोकरी ठरायची ती दिवाळी आता लांब नव्हती. चिठ्ठीवर वेदनाशामकाचे नाव लिहून होताच तिने ती उचलून सुनेला दिली. "ताई, खालच्या मेडिकलमधून एवढं आणता? बाकीचं मॅडम सांगतील." सून गेल्यावर तिने दार लोटले.

"मॅडम, आजी मिश्री लावतात. मला त्या दिवशीच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

"भवाने!" गोजराबाई खुर्चीत ताठ झाल्या. "विस्वासानं बोलले तुझ्याशी! तुझी सासू लावत आसंल, तर तिची बी अशीच दवंडी पिटशील का?"

"दवंडी नाही पिटणार, आजी. तुमच्या पाठीमागेही नाही बोलले, तुमच्यासमोर बोलले. आणि सासूला याच खुर्चीत आणून बसवीन. वचन देते."

डॉक्टर पुढे झाल्या. त्यांनी गोजराबाईंचा खालचा ओठ ओढून पाहिला. मिश्री साठते त्या जागी सुरकुतलेला पांढरट चट्टा होता.

"हा ओठ मी त्या दिवशीच नीट बघायला हवा होता," त्या म्हणाल्या. मग शाझियाकडे वळल्या. "आणि तुम्ही त्या दिवशीच बोलायला हवं होतं. दिवाळीचं मी आत्ता काही सांगत नाही."

"सुनंला सांगनार का?" गोजराबाईंचा आवाज उतरला होता.

"तोंड तुमचं आहे, आजी. सांगायचं तर तुम्ही सांगा. पण या चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल."

घरी गुलजारबींना हा सगळा प्रकार कळला, तेव्हा त्या शाझियावर उखडल्या. "बिनओळखीच्या बाईला माझ्या तोंडाचा वायदा करून आलीस? माझे दात तुझ्या डॉक्टरणीपेक्षा मजबूत आहेत!"

"मग त्यांना दाखवायला काय हरकत आहे, अम्मी?"

गुलजारबी आल्या. फणफणत आल्या, पण आल्या. तो नेमका गोजराबाईंच्या अहवालाचा दिवस होता. बाहेरच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. पलीकडच्या टोकाला बाळाला घेऊन सून मोबाइल पाहत होती.

"तूच का हिची सासू?" गोजराबाईंनी विचारले.

"हो. आणि पाळण्यावर हात ठेवणारी तूच ना?"

"हळू बोल की! कशात ठिवतीस तू?"

"मेंदीच्या पुडीत. तू?"

"पावडरच्या डब्यात."

दोघी पदराआड हसल्या. दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या शाझियाने ते ऐकले. सुनेची नजर मोबाइलवरच होती, पण तिचा अंगठा हलत नव्हता.

अहवालात कर्करोग नव्हता. मिश्री बंद करायची आणि दर काही महिन्यांनी ओठ दाखवायला यायचे, एवढे डॉक्टरांनी सांगितले. गुलजारबींच्या हिरड्या सुजलेल्या निघाल्या. त्यांनाही तेच सांगितले गेले. गोजराबाई बाहेर येऊन बाकावर बसल्या तेव्हा सुनेने बाळ त्यांच्या मांडीवर दिले. जाताना गोजराबाई शाझियापाशी थांबल्या. "वचनाची पक्की निघालीस," एवढेच म्हणाल्या.

दिवाळीच्या आधल्या शनिवारी डॉक्टरांनी दवाखान्याची दुसरी किल्ली शाझियाच्या हातात ठेवली. "सोमवारी मला यायला उशीर होईल. तुम्ही उघडा," त्या म्हणाल्या. नोकरीबद्दल वेगळे काही बोलणे झाले नाही.

पिंपळगावात आता असे सांगतात की शाझियाने बोट पाहताक्षणी म्हातारीची चोरी डॉक्टरांना सांगितली. हे खरे नाही. त्या दिवशी ती गप्प होती. तिचे मोठेपण तिसऱ्या दिवशीचे आहे, आणि तिच्या चुकीसकट सांगितले तरच ते खरे ठरते. ती स्वतःही तसेच सांगते.

काही गोष्टी मात्र अजून कळलेल्या नाहीत. बाकावरचे बोलणे सुनेने ऐकले होते का, की तिला आधीपासूनच सारे ठाऊक होते, हे तिने कोणाला सांगितलेले नाही. गुलजारबींची मेंदीची पुडी घरात दिसत नाही. ती फेकली की दुसरीकडे लपवली, हे शाझियालाही माहीत नाही. गोजराबाई ओठ दाखवायला एकदा येऊन गेल्या. चट्टा वाढलेला नव्हता, कमीही झालेला नव्हता. त्यांनी मिश्री खरोखर सोडली आहे का, याचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही.